सळी तळाला टेकायला हवी

४ फेब्रुवारी, सोमवार, दुपारची सुट्टी

भोचके,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी तू हा कागद फाडत नाहीस ना ते बघू दे. फोन तू कापतेस. पत्र कापता येत नाही, फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी माणसाची नजर एका तरी ओळीवर पडतेच. तुझी तर पडणारच. चार वर्षांची असताना आत काय टिकटिकतंय ते बघायला घड्याळाचं पोट फोडणारी तू. पत्ता तुझ्या आत्याकडून उकळला. तिच्यावर चिडू नकोस, तीन दिवस तोंड मिटून होती, तिच्या मानानं ते पुष्कळ झालं.

अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर पेन्सिल हातात आली ती पोत्यांवर आकडे घालायला.

खळीचा कारखाना मी सोडला. का, ते राहू दे. आता एका ट्रेनिंग सेंटरमध्ये फरशी पुसते. इथं इंजिनिअर लोकांना शिकवतात. कारखान्यातली यंत्रं आपली आपण कशी चालतील, त्याची बाराखडी. मला आधी वाटलं हे नापास झालेले असतील. तर नाही, सगळे पास होऊन आलेले. सहा दिवस राहतात, मग दुसरे पंधरा येतात. पाण्याची टाकी, पंप, हीटर, वॉल्व्ह, सगळं काचेतून दिसेल असं मांडलंय. सांडतात हे लोक, पुसते मी.

आजची गंमत सांगते. मास्तरांनी गरम आणि गार असे दोन नळ एकत्र जोडलेत, पुढं वीस हात लांब रबरी नळी, तिच्या टोकाशी बादली. एक हात बादलीत घालायचा, दुसऱ्यानं नळ फिरवायचे आणि पाणी अंघोळीइतकं ऊन करून दाखवायचं. एक धिप्पाड गडी पुढं आला. गरम सोडलं, काही होईना. अजून सोडलं, तरी होईना. सगळा सोडला. मग नळीतलं आलं एकदम, तर उडी मारून गार सोडलं. पाव तास त्याचं हेच चाललं, एकदा चटका, एकदा काकडा. मी मागं पोछा घेऊन उभी, मला हसू आवरेना.

मास्तर म्हणाले, "बाई, या. तुम्ही करून दाखवा."

मी गरम नळ थोडा सोडला आणि उभी राहिले.

एक चष्मेवाली म्हणाली, "मावशी, करा ना काहीतरी!"

म्हटलं, "करतेय की. थांबतेय."

पाणी आलं तसं बोटभर फिरवला, परत थांबले. तीन खेपांत झालं. मास्तर त्या पंधरा जणांना म्हणाले, "लिहून घ्या. याचंच कॉलेजात तुम्ही चार पानी गणित केलं होतं."

तुला हे सगळं माहीत असणार. मला नव्हतं. म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

आई

*

११ फेब्रुवारी, सोमवार

भोचके,

उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते. कागद उलटून बघ, मागं ज्या वाकड्या रेघा आहेत त्या इथल्या इंजिनिअरांच्या. कचऱ्यात चालले होते, मागची बाजू कोरी, म्हणून उचलले.

मी आता पोछा मारायला मुद्दाम शिकवणीच्या वेळी जाते. मास्तरांच्या लक्षात आलंय, बोलत नाहीत. म्हातारा माणूस, खडूनं कोट पांढरा करून घेतो, पण समजावून सांगतो. आज म्हणाला, तीन गोष्टी. एक बघणारा, एक ठरवणारा, एक करणारा. सळी टाकीतली ऊब बघते. भिंतीवरची डबी ठरवते, कमी आहे का जास्त. वॉल्व्ह वाफ सोडतो नाहीतर आवळतो. आणि वॉल्व्हनं जे केलं ते परत सळीला दिसतं. असं गोल गोल.

मी जागच्या जागी थांबले. पोरी, बावीस वर्षं मी टाकीपाशी दुसरं काय केलं? पुठ्ठ्याची खोकी चिकटवायची खळ. पिठाचं पाणी शिजवायचं, कच्चं राहिलं तर चिकटत नाही, जास्त झालं तर गाठी. हाताची पालथी बाजू टाकीला लावायची, फळीनं ढवळून जडपणा बघायचा, वाफेचं चाक फिरवायचं, परत हात लावायचा. बघणारी मी, ठरवणारी मी, करणारी मी. मला कुणी सांगितलंच नाही की त्याला इतकं मोठं नाव आहे.

तीन वर्षांपूर्वी तू त्याच टाकीवर तुझी सळी आणि डबी बसवायला आलीस. तुझी कंपनी तुला कुठंही पाठवू शकली असती, पण तू आमचा कारखाना मागून घेतलास. म्हणालीस, "आई, आता तुला वाफेत उभं राहायला नको."

मी म्हटलं, "मग कुठं उभी राहू?"

तू हसलीस. मी विनोद केला नव्हता.

कारखान्यानं माझ्या हातात फडकं दिलं. टाकी पुसायची, बस. तुझी डबी काम मात्र चोख करायची, खोटं कशाला बोलू. सहा आठवडे एकदाही गाठ नाही.

आणि ज्या सकाळी खळ उतू गेली, सगळीकडं वाफच वाफ झाली, दोन दिवस कारखाना बंद पडला, त्या सकाळी मी तुझ्या यंत्राला हात लावला नव्हता. तेव्हा सांगितलं तेच आजही सांगते.

एक विचारायचं राहिलं. डबीला परत काही दिसलंच नाही तर ती काय करते? मास्तर म्हणाले, उद्या सांगतो.

आई

*

२३ फेब्रुवारी, शनिवार

त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. परत काही दिसलं नाही तर ती अजून जोर लावते. अजून वाफ सोडते. कमी पडतंय असं समजून सोडतच राहते. मास्तर हे सांगताना मला तुला लिहिलेली दोन पत्रं आठवली. हे तिसरं.

पण आज ते लिहायला बसलेले नाही. आज शेवटचा दिवस होता या लोकांचा. शेवटच्या दिवशी मास्तर एक कागद वाटतात, खऱ्या कारखान्यात झालेली गडबड, आणि विचारतात, कुणाची चूक, कशी चूक. मी बादली घेऊन दारात होते. मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. खळीची टाकी. दोन हजार लिटर. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

बादली मी खाली ठेवली.

कारखान्याचं नाव नाही, तुझं नाव नाही. 'एक नवखा इंजिनिअर' इतकंच. त्यानं म्हणे डबीत आकडे इतके तापट घातले की वॉल्व्हला हेलकावे बसले आणि वाफ पूर्ण उघडली. पंधरा जणं हसली. तो धिप्पाड गडी गेला, त्याच्या जागी आता एक शिंकऱ्या आहे, तो म्हणाला, "अशा माणसाला घरच्या गॅसलाही हात लावू देऊ नये." सगळी परत हसली. दर शनिवारी ही अशी पंधरा जणं तुला हसतात, भोचके. मी हिशेब केला नाही. करवला नाही.

मग मला माझंच बोलणं ऐकू आलं. त्या दिवशी साहेब, मुकादम, पॅकिंगच्या सगळ्या बाया टाकीभोवती उभ्या होत्या. तू सगळ्यांदेखत विचारलंस, "आई, तू सळीला हात लावलास का?" आणि मी म्हणाले, "तुझ्या खेळण्याला हात लावायला मला वेळ आहे होय?" तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही. म्हणाले, "साहेब, हिला लहानपणापासून उसकटायची खोड आहे. उसकटता येतं, जोडता येत नाही."

साहेबांनी मान डोलावली. आईच म्हणतेय म्हटल्यावर बाकी कुणी काय बोलणार?

तू चपला घातल्यास आणि गेलीस. तुझा जेवणाचा डबा माझ्याकडेच राहिला. अजून आहे.

तो कागद मी उचलून आणलाय. दोन रेघा आहेत. एक ऊब, एक वाफ. वाफेची रेघ वर गेली ती नंतर. आधी उबेची रेघ खाली पडलीये. पंचाहत्तर अंशांवरून दोन मिनिटांत तिसावर, मग थोडी चढून बावन्नपाशी रेंगाळलीये. मला इंजिनिअरिंग कळत नाही. खळ कळते. दोन हजार लिटर खळ दोन मिनिटांत निम्म्याहून गार होत नाही. थंडीत वाफ बंद करून घरी गेलं तरी सकाळी कोमट लागते ती.

मग ही रेघ पडली कशी?

आई

*

२ मार्च, शनिवार

आज मास्तर एकटे होते, टाकी सुकवत होते. मी विचारलं, "मास्तर, ही सळी आत किती जाते?"

ते खूश झाले, विचारलं की होतातच. टोपण फिरवलं, सळी बाहेर काढली. म्हणाले, "बाई, ही थेट पाण्यात नसते. टाकीत ही बंद तोंडाची नळी असते, तिच्या आत सळी. बघण्याची ताकद आहे ती हिच्या टोकात, नखाएवढ्या जागेत. टोक नळीच्या तळाला टेकायला हवं. मधे लटकलं तर तिला खळीची ऊब कळतच नाही, नळीतल्या हवेची कळते."

"आणि वरून टोपण घट्ट असेल तर?"

"वरून काय, झकास दिसेल. तेच तर वाईट."

मी स्टुलावर बसले. त्यांना वाटलं चक्कर आली. पाणी दिलं.

आता वाच. उभ्यानं वाचत असशील तर बस.

मी काढली होती ती. पुसायला. टाकी पुसून झाली होती, टोपणावर खळीचा थर बसला होता, म्हटलं हे तिच्या हातचं आहे, घाण कशाला राहू द्यायचं. टोपण फिरवलं तर सळी हातात आली. फडक्यानं पुसली, लख्ख केली, परत घातली. टोपण आवळताना सळीची तार पिळली गेली, मला वाटलं सळी पोचली असेल. होती तिथंच ठेवली, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगतेय. म्हणून हात लावला नाही म्हणणं मला फार मोठं खोटं वाटलं नाही. हात लावला, पण बिघडवलं तर काही नाही, मग कशाला सांगा, असं. घाबरलेही होते. मुकादम एकेकाला विचारत होता आणि त्याच्या मागं साहेब उभा होता.

नंतर त्यांनी सगळं उपसून धुतलं, सळी काढली, पुसली, परत घातली. कुणाला काय दिसणार!

तुझे आकडे तापट नव्हते. तुझ्या डबीनं जे दिसलं त्यावर बरोबरच केलं. तिला मी आंधळं केलं होतं.

कागदावरची ती खाली गेलेली रेघ बघ. तीसपर्यंत पडलीये ना, तेव्हा सळी माझ्या फडक्यात होती. बावन्नला रेंगाळलीये, तेव्हा मी टोपण आवळून समाधानानं बघत होते. माझा नीट फोटो कधी कुणी काढला नाही, भोचके. त्या रेघेत मात्र मी अगदी स्पष्ट आले आहे.

आई

*

१९ मार्च, मंगळवार

लिहायला उशीर झाला. तुला सांगणं सोपं होतं, तू लांब आहेस आणि बोलत नाहीस. पंधरा जणांसमोर बोलायला दोन आठवडे लागले.

शनिवारी मास्तरांनी परत तो कागद वाटला. 'नवखा इंजिनिअर' म्हणाले तसा माझा पोछा खाली पडला. मुद्दाम टाकला म्हण हवं तर.

म्हटलं, "मास्तर, हा कागद खोटा आहे."

सगळे वळले. मास्तर म्हणाले, "बाई, नंतर बोलू."

"नंतर ही लोकं घरी जातील आणि आयुष्यभर हसतील. आत्ताच."

मी टाकीपाशी गेले. पाणी तापून पंचाहत्तरवर स्थिर होतं, पडद्यावर रेघ सरळ चालली होती. टोपण फिरवलं, सळी काढली. फडक्यात धरली, जशी तेव्हा धरली होती तशी. रेघ धपकन पडली. कुणीतरी म्हणालं, "अरे, अरे!" परत घातली, पण तळाला जाऊ दिली नाही, टोपण आवळलं. रेघ थोडी चढली आणि रेंगाळली. तिकडं हीटर पूर्ण चालू. काचेत बुडबुडे यायला लागले आणि पडद्यावर आपलं बावन्नच.

मास्तरांनी हातातला कागद पडद्याशेजारी धरला. तीच रेघ.

एक मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हाला कसं माहीत?"

"मीच होते ती. आणि तो नवखा इंजिनिअर नव्हता, नवखी होती. माझी मुलगी."

मास्तरांनी धावत जाऊन हीटर बंद केला. इतकं करूनही फरशीवर पाणी आलंच. पुसलं मीच.

नंतर मास्तर म्हणाले, "बाई, यात तुमची चूक नाही. ज्याच्या हाती यंत्र द्यायचं त्याला आत काय आहे हे कुणी सांगितलं नाही, ती आमची चूक." माझ्यासाठी मऊ अंथरूण घालत होते. मी म्हटलं, "सळी चुकून राहिली, ते तुमचं. खोटं बोलले, ते माझं. ते तुमच्यात मिसळू नका."

त्यांनी तिथंच नवा कागद लिहायला घेतला. विचारलं, "सळी कुणी काढली म्हणून लिहू? कामगाराने?"

"आईने लिहा."

"बाई, अशा कागदात आई बसत नाही."

शेवटी 'टाकी सांभाळणाऱ्या अनुभवी बाईंनी' असं लिहिलं. अनुभवी शब्द मी खोडायला लावला. तुझ्या जुन्या कंपनीला आणि कारखान्याला दोन्हीकडे ते पत्र पाठवणार आहेत, त्यावर मी सही केली. अंगठा नाही, सही. नक्कल सोबत आहे.

आणि आता राहिलेलं. मागच्या पत्रात मी पुसायला काढली म्हणाले. ते अर्धं खरं. थर बोटानंही निघाला असता. मला बघायचं होतं. बावीस वर्षांचं माझं काम सहा आठवड्यांत शिकलेली ही काडी आतून कशी आहे, हे बघायचं होतं. राग होता, अभिमान होता, दोन्ही एका फडक्यात. काढून उजेडात धरली, वास घेतला, कानाला लावली. हो, कानाला. काही ऐकू येतंय का ते बघायला. कागदावरची ती दोन मिनिटं गेली ती त्यात गेली.

तुला भोचक म्हणत मी हातावर किती मारलं. ते कुणाकडून आलंय, हे मला या वयात कळावं!

आई

*

३ एप्रिल, बुधवार

भोचके,

तुझं कार्ड आलं. आधी वाटलं चुकून आलं. ना वर काही, ना खाली काही, सही नाही. अख्ख्या कार्डावर एकच ओळ:

'किती बाहेर राहिली होती?'

आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "तीन वर्षांनी आईला लिहिते आणि हे? काय पोरगी आहे!" मी म्हटलं, "तू गप्प बस, तुला काही कळत नाही." कार्ड मी डब्यात ठेवलंय. तुझाच डबा.

विचारलंस म्हणून सकाळी मास्तर यायच्या आत टाकीपाशी गेले. सळी काढली, रेघ बावन्नला रेंगाळेपर्यंत थोडी थोडी आत सोडत गेले. चार वेळा केलं, घाई केली नाही. थांबले. चारही वेळा तेच आलं. मग सळी परत तळाला टेकवली, टेकल्याचा आवाज होतो बारीक, आता मला तो कळतो. टोपण मास्तरांकडून तपासून घेतलं.

फूटपट्टी इथं होती, पण त्या सकाळी कारखान्यात माझ्याजवळ नव्हती, म्हणून आजही बोटांनीच मोजलं.

दोन बोटं.

माझी. तुझी बोटं बारीक आहेत, तुझी अडीच भरतील. पण हे मी अंदाजानं सांगतेय, आणि अंदाजावर तुझा विश्वास नसतो. सेंटर आठ वाजता उघडतं, टाकी पाव तासात तापते. ये आणि मोजून घे.

अनेक आशीर्वाद. राहिले होते.

आई